चाक कशाने टिकते?

महाशिवरात्रीच्या जत्रेला मार्कंड्यात गेलो की मंदिरासोबत मी वाहनांची चाकेही पाहतो. एका वर्षी सागवान वाहणाऱ्या ट्रकच्या चालकाने चाकाचा तुटका बोल्ट माझ्या हातावर ठेवला. ‘‘आता याहून जाड टाकतो,’’ तो म्हणाला.

तुटल्या तोंडावर शिंपल्यासारख्या वळ्या होत्या, एका कडेला थोडा भाग खरबरीत. म्हणजे बोल्ट एका दणक्यात तुटला नव्हता. ढिला राहून हळूहळू चिरत गेला होता.

चाक बोल्टांवर टांगलेले असते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आवळलेला बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो. त्या ताणाने चाक हबवर दाबले जाते आणि जंगलवाटेचे हिसके घर्षण पेलते. दाब ओसरला की तेच हिसके बोल्टवर येतात.

२० ऐवजी २२ मिलिमीटरचा बोल्ट घेतला, तर छेदाचे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते. पण त्यासाठी हबची भोके वाढवावी लागतात, आणि बोल्ट पुरेसा आवळला नाही तर वाढीव ताकद वायाच. मध्ये माती किंवा गंज राहिला, तर तो दबून ताण उतरतो. म्हणून आधी बैठक घासावी, समोरासमोरचे नट टॉर्क पान्याने आवळावेत, पन्नासेक किलोमीटरवर पुन्हा तपासावेत.

आमच्याकडे लोहार बंडीच्या चाकावर धाव तापवून चढवी. निवताना ती आकसे आणि सारे चाक आवळून धरी. हे सांगितल्यावर चालकाला पटले. शेजारच्या बोल्टांनीही जादा भार सोसला होता, म्हणून त्याने त्या चाकाचे सगळेच बदलले. जाडी मात्र तीच ठेवली.