अरण्यातील तळ्याकाठी मुक्काम

लातूर-नांदेडच्या श्रोत्यांपुढे पाण्याविषयी बोलण्याचे धाडस सहसा कोणी करू नये. पाण्याची किंमत ह्या मंडळींना पुस्तकातून शिकावी लागलेली नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी लातूर स्थानकात आली. दहा टाक्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. मांजरा धरण कोरडे पडले होते, आणि ज्या गाडीतून माणसांनी प्रवास करावयाचा त्या गाडीतून पाणी प्रवास करून येत होते. ते दृश्य ज्यांनी पाहिले, त्यांना आम्ही आज तळ्याकाठच्या चार दिवसांच्या सहलीविषयी सांगणार आहोत. हा विषय चैनीचा वाटेल. पण तो तसा नाही, हे शेवटी पटेल अशी आशा आहे.

रान आणि पाणी एकत्र पाहावयाचे तर आपल्याला फार दूर जावे लागत नाही. माहूरला आपण पिढ्यान्‌पिढ्या जातो. रेणुकेचे दर्शन होते, दत्तशिखर होते, आणि संध्याकाळच्या आत माघारी फिरण्याची घाई होते. वाटेतले किनवटचे सागवान आपण मोटारीच्या खिडकीतून पाहतो. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पावसाळ्यात छायाचित्रापुरता पाहतो. रानात मुक्काम करावयाचा असतो, ही कल्पनाच आपल्याकडे रुजलेली नाही. म्हणून ज्यांनी रानात एकही रात्र काढलेली नाही, त्यांनी पहिला सराव माहूर-किनवटकडेच करावा. रात्रीचा काळोख, पहाटेची थंडी आणि स्वतःच्या पिशवीतील उणिवा ह्या तिन्हींची ओळख घराजवळच झालेली बरी.

मात्र ज्याला खरोखर तळ्यांचा मुलूख म्हणावा तो पूर्व विदर्भात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या जिल्ह्यांत जुन्या तलावांची संख्या हजारांनी मोजावी लागते. त्यांपैकी आम्ही निवडले ते गोंदिया जिल्ह्यातील, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध. सुमारे अकरा चौरस किलोमीटरांचा हा जलाशय, त्याच्याभोवती टेकड्यांचे कडे आणि त्यावर दाट रान. ह्या टेकड्यांना तिकडे 'सात बहिणी' म्हणतात. १९७५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. २०१३ साली नवेगाव आणि नागझिरा ही दोन्ही राने मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. अरण्याचे लेखक मारुती चितमपल्ली ह्यांनी वनाधिकारी म्हणून येथे बरीच वर्षे घालविली. मराठी वाचकाला नवेगावची ओळख मुख्यतः त्यांच्यामुळे आहे.

प्रथम दर्शनी आपण फसतो, ते येथेच. हे सरोवर निसर्गाने दिले असावे असे वाटते. पण ते माणसांनी बांधलेले आहे. कोहळी समाजातील कोलू पाटील ह्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी हा बांध घातला, अशी तिकडची परंपरा सांगते. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधील त्याला जमीन मिळे, असेही सांगतात. टेकड्यांमधील नेमकी खिंड हेरावयाची, तेथे मातीची पाळ घालावयाची, आणि अडलेले पाणी पाटांनी धानाच्या बांध्यांत व उसाच्या फडांत न्यावयाचे, ही कोहळ्यांची विद्या. सिमेंटही नव्हते आणि यंत्रही नव्हते. ते पाणी अजून धान पिकवते आहे. कोलू पाटलाची आठवण 'कोलासुर' ह्या देवाच्या रूपाने तळ्याकाठी टिकून आहे. बांध घालणाऱ्याला लोकांनी देव केले, ह्याचे नवल लातूरकराला तरी वाटणार नाही.

आता नियोजनाकडे वळू. पहिला प्रश्न काळाचा. पक्षी पाहावयाचे असतील तर नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीचा आरंभ हा काळ उत्तम. उत्तरेकडून आलेली तलवार बदके आणि चक्रवाक ह्या दिवसांत तळ्यावर उतरतात; अडई, वारकरी आणि टिबुकली तर आहेतच. महाराष्ट्रात सारस पक्षी मुख्यतः ह्याच जिल्ह्याच्या धानशेतांत उरला आहे. दिसला तर भाग्य समजावे व दुरूनच नमस्कार करावा. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यावर जनावरे दिसण्याचा संभव अधिक, पण ऊन असह्य असते. पावसाळ्यात व्याघ्रप्रकल्पाची फाटके बंद राहतात. आठवड्यातही एक दिवस सफारी बंद असते. तो वार आधी विचारून घ्यावा. चारशे-पाचशे किलोमीटर जाऊन कुलूप पाहण्यात पुरुषार्थ नाही.

दुसरा प्रश्न वाटेचा. मोटारीने जाणाऱ्यांची वाट सरळ आहे. लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, अर्धापूर, हदगाव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा असे करीत नागपूर गाठावे. तेथून भंडारा, लाखनी, साकोली करून कोहमाऱ्यास महामार्ग सोडावा व दक्षिणेस वळावे. लातूरकरांनी हा प्रवास एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये. नागपूर किंवा भंडाऱ्यास रात्र काढावी. आगगाडीची आवड असणाऱ्यांनी नांदेड, किनवट, आदिलाबाद ह्या लोहमार्गाने बल्लारपूर गाठावे आणि तेथून गोंदियाची गाडी धरावी. ती वडसा, अर्जुनी करीत तळ्याच्या मुलखातूनच जाते. वेळ अधिक लागतो, पण रान डोळ्यांपुढून हळूहळू सरकते. गाड्यांच्या वेळा बदलत असतात. त्या निघण्यापूर्वी पाहाव्या.

तिसरा प्रश्न निवासाचा, आणि येथे आमची फजिती सांगितलीच पाहिजे. पहिल्या खेपेस आम्ही सात जण निघालो. एका खासगी निवासाच्या चालकाने फोनवर "या हो, बघू" असे म्हटले होते. आम्ही त्याला होकार समजलो. रात्री नऊला पोहोचलो, तेव्हा खोल्या दुसऱ्यांना गेलेल्या. बरोबर दोन वृद्ध आणि एक सहा वर्षांची मुलगी. वीस-पंचवीस किलोमीटर मागे येऊन एका गावात, ओळखदेख नसताना, एका शाळामास्तरांच्या ओसरीवर आम्ही रात्र काढली. त्यांच्या घरातील बाईंनी त्या वेळी भात टाकला. ते उपकार आम्ही विसरलेलो नाही. पण दुसऱ्याच्या चांगुलपणावर सहलीची आखणी करावयाची नसते. "या, बघू" म्हणजे होकार नव्हे. वनखात्याचे निवास असो की खासगी, पैसे भरल्याची पावती आणि खोलीची नोंद हाती असल्याशिवाय घर सोडू नये. ओळखपत्रे सर्वांची घ्यावी. जंगलफेरीची नोंदणी निवासाहून वेगळी असते, हेही ध्यानात ठेवावे.

चौथा प्रश्न सामानाचा. मातकट किंवा हिरव्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, हिवाळ्यात जाड पांघरूण, बंद बूट, विजेरी व तिचे जादा मसाले, दुर्बीण. मच्छरदाणी विसरू नये. हा मुलूख हिवतापाचा आहे. नेहमीची औषधे मोजून घ्यावी, कारण मोठे औषधालय हाताशी नसते. खाण्यासाठी आपले धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ह्यांहून उत्तम शिदोरी नाही. दोन दिवस बिघडत नाही. मात्र ती झाकणाच्या डब्यात ठेवावी. उघड्या पिशवीवर माकडांचा हक्क असतो.

वागणुकीचे नियम थोडे, पण कडक आहेत. अंधारात विजेरीवाचून पाऊल टाकू नये. साप वाटेवर असतो आणि त्याला आपल्याशी वैर नसते. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे झाडाखाली अस्वल असू शकते. वाटाड्यावाचून रानात शिरू नये. तळे शांत दिसते म्हणून पोहावयास उतरू नये. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा काळ. विडीचे एक थोटूक शेकडो एकर रान जाळू शकते. चूल पेटविणे तर दूरच. आणि गाणी वाजविण्याची पेटी घरी ठेवावी. रानात माणूस पाहुणा असतो, आणि पाहुण्याने घरातल्यांची झोप मोडू नये.

मुक्काम दोन रात्रींपेक्षा कमी नसावा. पहिल्या दिवशी माणूस केवळ शहर झटकत असतो. दुसऱ्या पहाटे पाळीवर जाऊन बसावे. धुके हटू लागते, ढिवरांची डोंगी पाण्यावर रेघ ओढीत जाते, बदकांचा थवा उठतो. आमच्यातील ती सहा वर्षांची मुलगी पुढल्या खेपेस नऊ वर्षांची होऊन आली, तेव्हा तिने तेथे बसून विचारले, "हे पाणी कोणाचे?" आमच्यापैकी कोणास चटकन उत्तर सुचले नाही.

उत्तर इतिहासात आहे. इंग्रजी अमलात तिकडचे असंख्य तलाव मालगुजारांकडे होते, आणि गाळ काढणे, पाळ सावरणे हे काम गावाच्या श्रमातून होई. १९५१ साली मालगुजारी संपली, आणि ते न्याय्यच होते. तलाव सरकारकडे आले. पुढे त्यांतील लहान तलाव जिल्हा परिषदांकडे गेले. मालकी बदलली, पण देखभालीची रीत मोडली. कित्येक तलाव गाळाने उथळ झाले, पाट बुजले. तलाव एकदा बांधून होत नाही. तो दरवर्षी बांधावा लागतो.

म्हणूनच आम्ही म्हणालो की हा विषय चैनीचा नाही. आपल्याकडे पावसाने पाठ फिरविली की आपण धरणाकडे आणि आगगाडीकडे पाहतो. गावच्या बारवेतील आणि ओढ्यातील गाळाकडे पाहत नाही. नवेगावच्या पाळीवर दोन पहाटा काढलेला माणूस परत आल्यावर निदान आपल्या गल्लीतील आड उघडून पाहील, अशी आमची अपेक्षा आहे. आम्ही पाहिला. त्यात पाणी नव्हते, आमचाच चाळीस वर्षांचा कचरा होता. तो काढण्यास आम्हांला तीन रविवार लागले.