गाय गाभडली, ताप माणसाला!

पुणतांबा हे गोदावरीकाठचे गाव. १ जून २०१७ रोजी येथून सुरू झालेल्या शेतकरी संपात राज्यभर दूध रस्त्यावर ओतले गेले, हे आपल्याला आठवत असेल. अशा दुधावर संसार चालणाऱ्या गावांत एक रोग नीट समजून घ्यायला हवा. त्याचे नाव ब्रुसेलोसिस, म्हणजेच सांसर्गिक गर्भपात.

समजा, सात महिन्यांची गाभण गाय अचानक गाभडली. मालकाने उघड्या हातांनी वार ओढून काढली आणि मेलेले वासरू उकिरड्यावर टाकले. काही आठवड्यांनी त्याला ताप येऊ लागला. तो चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. घाम येतो, कंबर व सांधे दुखतात. डॉक्टर मलेरिया, विषमज्वर तपासतात. गोठ्यात काय घडले हे कोणी विचारत नाही, आणि रुग्णही सांगत नाही.

माल्टा बेटावरील ब्रिटिश सैनिकांना असाच ताप येई. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू शोधला. पण तो येतो कोठून, हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीज झामित यांनी शेळ्या तपासल्या तेव्हा कळले. शेळ्या धडधाकट दिसत होत्या! १९०६ मध्ये सैनिकांना शेळीचे दूध देणे थांबवताच रुग्ण झपाट्याने घटले. गायींतील जंतू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्येच शोधला होता.

हा रोग दुधावरूनही ओळखता येतो. गायीच्या दुधात रंगवलेले मृत जंतू मिसळतात. दुधात प्रतिपिंडे असतील तर जंतूंचे पुंजके होऊन ते स्निग्धांशाबरोबर वर येतात आणि सायीच्या थरात निळे कडे दिसते. संकलन केंद्रातील एका कॅनवरून अनेक गोठ्यांचा सुगावा लागतो. मग एकेका जनावराचे रक्त तपासायचे.

प्रतिबंध सोपा आहे. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना एकदाच लस टोचून घ्यावी. मात्र ती जिवंत जंतूंची असल्याने पशुवैद्यकानेच टोचावी. वार हातमोजे घालूनच हाताळावी. वार व गर्भ चुना टाकून खोल पुरावा. दूध उकळूनच प्यावे, निरसे नको. माणसासाठी लस नाही. उपचार आहेत, पण प्रतिजैविके साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात.

म्हणून शिक्षकांनी मुलांना एक वाक्य जरूर शिकवावे. घरात कोणाचा ताप हटत नसेल तर डॉक्टरांना सांगा: "आमची गाय गाभडली होती." निदानाची वाट अनेकदा तेथूनच सुरू होते.