चार दिवसांची डोंगरवाट



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय सुचविला, तेव्हा मी प्रथम हसलो. विषय होता, दुर्गम डोंगरांतून बर्फावरची अनेक दिवसांची यात्रा. ज्याचे आयुष्य हमालांच्या मजुरीचे हिशेब करण्यात गेले, ज्याची शाळा सातवीला सुटली आणि पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले, त्याने बर्फावर काय बोलावे? परंतु पुस्तके चाळू लागलो तसे ध्यानात आले की, बर्फाचा थर बाजूला केला तर खाली ओझे, चढ, वेळ आणि सोबत या चारच गोष्टी उरतात. त्यांच्याशी माझी जुनी ओळख आहे. म्हणून बर्फाच्या देशापासून आरंभ करून मी आपल्याला आपल्याच कोयनेच्या खोऱ्यात घेऊन जाणार आहे.

बर्फावर चालताना पाय रुततो. तो रुतू नये म्हणून बुटाखाली लांब पट्ट्या बांधतात. त्यांना स्की म्हणतात. उतारावर त्या घसरत जातात, हे आपण चित्रात पाहिले असेल. पण चढावर त्या मागे का घसरत नाहीत? म्हशीच्या पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून पाहा, तो सरकतो. उलटा फिरविला की केस अडवितात. पूर्वी पट्टीच्या तळाला सीलचे कातडे याच युक्तीने लावीत, आता तसे विणलेले कापड लावतात. पट्टी पुढे सरकते, मागे येत नाही. या साधनावर माणसे तारेच्या पाळण्याची मदत न घेता डोंगर चढतात, खिंड ओलांडतात, रात्री डोंगरातल्या झोपडीत मुक्काम करतात आणि सकाळी पुढे निघतात. युरोपातील आल्प्स पर्वतात शामोनी ते झेरमाट ही अशी प्रसिद्ध वाट आहे. तिला साधारण आठवडा लागतो.

१८८८ साली नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी ग्रीनलँडचा बर्फाळ प्रदेश असाच ओलांडला. त्यांची टोळी सहा जणांची होती. ते निर्जन अशा पूर्व किनाऱ्यावरून निघाले, कारण वस्ती पश्चिमेला होती; मागे फिरण्यात अर्थच उरू नये असा त्यांचा हिशेब. या धाडसाचे पोवाडे पुष्कळ झाले. मला मात्र त्यातल्या दोन बाबी अधिक मोलाच्या वाटतात. एक, सहांपैकी दोघे, बाल्टो आणि राव्ना, हे उत्तरेकडील सामी जमातीचे होते. बर्फावर वावरणे त्यांच्या लोकांचा पिढ्यान् पिढ्यांचा धर्म. दुसरी, एवढी तयारी करूनही त्यांच्या शिध्यात स्निग्धांश कमी पडला आणि माणसे तुपातेलासाठी कासावीस झाली. मोठ्या मोहिमेचे यश आणि हाल दोन्ही अशा साध्या गोष्टींत असतात.

आता आपल्या डोंगराकडे वळू. महाबळेश्वराचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंच आहे. येथे उगम पावणाऱ्या पाच नद्यांपैकी कोयना ही दक्षिणेची वाट धरते आणि हेळवाकपर्यंत सुमारे पासष्ट किलोमीटर जवळजवळ सरळ वाहून मग पूर्वेला कऱ्हाडकडे वळते. तिच्या पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार. त्या धारेपलीकडे कडे तुटून कोकणात कोसळतात. याच बाजूला मकरंदगड, पर्वत, चकदेव, महिमंडणगड आणि वासोटा ही ठिकाणे आहेत. साहेब लोक पॉइंटावर उभे राहून ज्याला 'सॅडलबॅक' म्हणत, तो खोगिराच्या आकाराचा डोंगर म्हणजेच आपला मकरंदगड. आपल्यापैकी शेकडो लोकांनी तो पॉइंटावरून मक्याचे कणीस खात पाहिला असेल. त्याच्या खांद्यावरच्या घोणसपूर गावात मुक्काम करावा, दुसरे दिवशी गड पाहून हातलोटकडे उतरावे, तेथून कांदाटी खोऱ्यात शिरून पर्वत आणि चकदेव येथील शिवालये करावीत आणि शिंदी गावी बाहेर पडावे, ही चार दिवसांची उत्तम यात्रा आहे. शिंदीहून रघुवीर घाटाने खेडला जाता येते. वासोट्याचे अरण्य त्याच्याही दक्षिणेला आहे. १९८५ साली ते कोयना अभयारण्यात आले आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडते. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये.

पहिला प्रश्न, केव्हा जावे? आल्प्समध्ये हिमाचे कडे सुटून माणसे गाडली जातात, म्हणून तेथील लोक ऊन, वारा आणि ताजे बर्फ पाहूनच निघतात. आपल्याकडे तेच काम दरड करते. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात महाड तालुक्यातील तळिये आणि पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळून माणसे गेली. पावसाळ्यात या वाटा गावकऱ्यांच्या निरुपायासाठी आहेत, आपल्या हौसेसाठी नव्हेत. मार्चनंतर झरे आटतात आणि करवीच्या रानात वाऱ्याचा लवलेश नसतो. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हाच खरा काळ.

दुसरा प्रश्न ओझ्याचा. हा माझ्या धंद्याचा प्रश्न आहे. आमच्या बाजारात एके काळी शंभर किलोची गोणी पाठीवर टाकीत आणि चाळिशीत माणूस वाकून जाई. जागतिक श्रम संघटनेने १९६७ साली ओझ्याच्या मर्यादेचा करार केला. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा आकडा आहे. भारताने तो करार २०१० साली मान्य केला. पण ती मर्यादा बाजारातल्या कामाची. दिवसभर डोंगर चढणाऱ्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक पाठीवर घेऊ नये. साठ किलोच्या माणसाला बारा किलो. त्यात पाण्याचे तीन लिटर म्हणजे तीन किलो गेले. शिधा रोजचा पाऊण किलो धरला तर चार दिवसांचा तीन किलो. उरलेल्या सहा किलोत अंथरूण, कपडे, भांडे, विजेरी आणि औषध बसवावयाचे. जड वस्तू पाठीला चिकटून आणि खांद्याच्या बाजूला ठेवावी. खाली लोंबणारे ओझे माणसाला मागे ओढते. शिध्यात शेंगदाणे, गूळ आणि तेलाची चटणी अवश्य असावी. नान्सेनच्या टोळीला जे कमी पडले, ते आपल्या शेंगदाण्यात भरपूर आहे.

तिसरा प्रश्न वेळेचा. स्कॉटलंडच्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ साली एक नियम घालून दिला. तो आजही चालतो. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर धरावेत आणि प्रत्येक सहाशे मीटर चढाला एक तास अधिक द्यावा. आठ किलोमीटरची वाट आणि सहाशे मीटर चढ असेल, तर हिशेब दोन तास छत्तीस मिनिटांचा होतो. परंतु हा हिशेब सराईत पायांचा. पाठीवर ओझे, करवीचे रान आणि घसाऱ्याची माती असता मी तो सरळ दुप्पट करतो. थंडीच्या दिवसांत सहाच्या सुमारास अंधारते. म्हणून चार वाजता मुक्कामी पोचू असाच बेत असावा.

चौथा प्रश्न सोबतीचा. येथे मला स्वतःची एक चूक सांगावयाची आहे.

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात आम्ही संघटनेचे सात जण या वाटेने निघालो. दोन दिवस उत्तम गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी एका वाडीत वाटाड्या विचारला. एक म्हातारा तयार झाला. त्याने दोन दिवसांची मजुरी सांगितली, एक दिवस पोचविण्याचा आणि एक परत येण्याचा. मी म्हणालो, "जाण्याचे देतो, येण्याचे कसले?" तो वाद घालत बसला नाही. "जावा मग पावनं, वाट सरळच हाय," एवढे बोलून गोठ्याकडे वळला. आणि आम्ही वाटाड्यावाचून निघालो.

दुपारी रानात वाटेला दोन फाटे फुटले. मी रुंद फाटा धरला. आमच्यातला सर्वांत लहान पोरगा, वय बावीस, मागे मागे राहत होता. त्याच्या टाचेला फोड आला होता आणि लाजेने तो बोलत नव्हता. मी सर्वांत पुढे होतो, त्यामुळे मला त्याचे लंगडणे दिसलेच नाही. सायंकाळी वाट करवीत विरून गेली. सात माणसांत मिळून अर्धा लिटर पाणी होते. आम्ही पाठीला पाठ लावून रात्र काढली. खाली कुठे तरी गवे चालत असल्याचा आवाज येत होता. ओल्या रुमालाने त्या पोराचे ओठ पुसताना मला एकच गोष्ट आठवत होती. गाडी माल टाकून रिकामी परत येते, ती ओढणेही श्रमच आहे, हे मी व्यापाऱ्यांपुढे तीस वर्षे हात आपटून सांगत आलो. आणि एका दिवसाच्या मजुरीसाठी त्याच व्यापाऱ्याचे वाक्य माझ्या तोंडातून निघाले होते.

उजाडताच आम्ही पुढे गेलो नाही. ओळखीच्या शेवटच्या खुणेपर्यंत माघारी आलो आणि तेथून वाडी गाठली. चुकलेल्या माणसाने एवढे एकच शहाणपण करावे. म्हाताऱ्याने पाण्याची कळशी पुढे केली. मी दोन दिवसांची मजुरी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती मोजून घेतली आणि पोराच्या टाचेला कसला तरी पाला वाटून बांधला. तो दिवस आम्ही तेथेच काढला. दुसऱ्या दिवशी तो आमच्या पुढे निघाला. फोड आलेल्या पोराला त्याने आपल्या लगेच मागे घेतले. तोच फाटा आला तेव्हा म्हणाला, "रुंद वाट ढोरांची असती. ढोरं चरायला फाकत्यात. माणूस एकामागं एक जातो, म्हून त्याची वाट अरुंद." हे वाक्य कोणत्याही नकाशात मला सापडले नव्हते.

तेव्हापासून आमचा नियम झाला. सर्वांत हळू चालणारा पुढे, सर्वांत सराईत सर्वांच्या मागे. टोळीचा वेग तिच्यातल्या थकलेल्या माणसाचा असतो. बाकीच्यांचा वेग हिशेबात धरावयाचा नाही. दर तासाला थांबून बूट काढून पाय दाखवावयाचे, आणि त्यात लाज मानावयाची नाही.

शेवटी त्या वाटांविषयी दोन शब्द. १९६० च्या सुमारास कोयनेचे पाणी अडले आणि शिवसागर जलाशयात खोऱ्यातील कितीतरी गावे गेली. ते पाणी पश्चिमेकडे पोफळीला उतरवून वीज झाली. उठलेली माणसे परमुलखात वसली. राहिलेल्यांची तरणी पोरे मुंबईत माथाडी झाली. करवीच्या रानात ज्या वाटेवर पाय पडत नाही, ती थोड्याच पावसाळ्यांत बुजते. आज ज्या वाटांनी आपण चार दिवस आनंदाने हिंडतो, त्या कोण्या खात्याने बांधलेल्या नाहीत. पाणी, सरपण, लेकीचे सासर आणि देवाची यात्रा यांसाठी चालणाऱ्या माणसांनी त्या राखल्या. मुंबईतल्या त्यांच्या मुलांना १९६९ च्या माथाडी कायद्याचा आधार मिळाला. घरी राहिलेल्या बापाला, जो आपल्याला वाट दाखवितो, असा आधार नाही. त्याची मजुरी आपल्या दानतीवर आहे.

म्हणून येत्या हिवाळ्यात आपल्यापैकी जे कोणी या डोंगरात उतरतील, त्यांनी खर्चाचा कागद करताना पहिली ओळ वाटाड्याची लिहावी, आणि ती दोन दिवसांची लिहावी. जेवण पैसे देऊन घ्यावे, जाळ करू नये, आग्यामोहोळाच्या कड्याखाली आरडाओरडा करू नये. परत आल्यावर त्या वाडीला एक पत्र टाकावे की, आम्ही सुखरूप पोचलो. ते कळेपर्यंत तेथे कोणी तरी काळजीत असते.