टायरचा साईझ आणि एबीएसची गफलत

एबीएसला गाडीचा वेग थेट कळत नाही. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर दातेरी किंवा चुंबकीय कड्यावरून फेऱ्यांची गती मोजतो. ब्रेक लागल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा फारच मंदावले, तर ते लॉक होत आहे असे समजून त्याचा ब्रेकदाब क्षणभर कमी केला जातो.

१८५/६५ आर१५ टायरचा व्यास सुमारे ६२२ मिमी, तर १७५/६५ आर१४चा ५८३. ताशी ६० किमीला पहिला मिनिटाला साधारण ५१२ फेरे घेतो, दुसरा ५४६. तीन मोठ्यांत एक लहान टायर बसवला, की लहान चाक सतत पुढे धावते आणि मोठी चाके घसरत असल्याचा भास होतो. मग एबीएस गरज नसताना जागे होते, थांबण्याचे अंतर वाढू शकते किंवा डॅशबोर्डवर दिवा लागतो. स्टेपनीसारखा थोडा फरक बहुतेक यंत्रणा सांभाळून घेतात.

रिमवरून मात्र निष्कर्ष काढू नये: १६५/८० आर१४चा व्यास ६२० मिमी, म्हणजे पंधरा इंची टायरइतकाच! चारही टायर सारखेच बदलले तर चाकांची आपसातली तुलना बिघडत नाही. चुकतो तो स्पीडोमीटर.