तुझी किडनी, माझी किडनी

साताऱ्याचा एक मित्र. रोज पहाटे अजिंक्यतारा पळत चढणारा. त्याला आजारी पडलेलं मी तरी कधी बघितलं नाही. सैन्यात अधिकारी व्हायचं, एवढं एकच डोक्यात. मुलाखतीचे पाच दिवस पार पडले, यादीत नाव आलं, घरी पेढे वाटून झाले. आणि मग मेडिकलमध्ये सोनोग्राफीच्या रिपोर्टवर दोन शब्द आले : हॉर्सशू किडनी. अनफिट.

‘मला झालंय तरी काय?’ हा त्याचा पहिला प्रश्न. खरं उत्तर असं की, काही झालेलं नाही. तो जन्मापासून तसाच आहे, फक्त आजवर कुणी आत डोकावून पाहिलं नव्हतं.

आईच्या पोटात असताना आपल्या दोन्ही किडन्या खाली ओटीपोटात तयार होतात आणि हळूहळू वर सरकत कमरेच्या वर जाऊन बसतात. या प्रवासात कधी कधी दोघींची खालची टोकं एकमेकींना चिकटतात. मग घोड्याच्या नालेसारखा एकच आकार होतो आणि वाटेतल्या एका रक्तवाहिनीला अडकून तो खालीच थांबतो. साधारण चारशे-पाचशे माणसांत एकाचं असं असतं. म्हणजे मोठ्या कॉलेजात चार-पाच जण तरी असतील आणि त्यांना पत्ताही नसेल! अशा किडनीत खडे आणि इन्फेक्शन होण्याची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून अधिकारी भरतीच्या निकषांत ती बसत नाही. एकच किडनी असणारेही बसत नाहीत. नियमामागे कारण आहे हे मान्य. पण ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे आणि देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये सुरू झाली, तिथल्या पोरांना ही गोष्ट तयारीची चार वर्षं घालवल्यावरच का कळावी? पोटाची सोनोग्राफी आधीच करून घेता येते की.

शाळेत आपण सगळ्यांनी किडनीची आकृती काढलीय. राजमा उभा चिरल्यासारखी, आत त्रिकोण, बाणाने नावं, चार मार्क. त्या आकृतीने आपला एक गैरसमज करून दिला, की सगळ्यांची किडनी आतून सारखीच असते. त्या त्रिकोणांना पिरॅमिड म्हणतात. ते कुणाला आठ असतात, कुणाला अठरा. त्यांच्या टोकाशी लघवी गोळा करणारे छोटे पेले असतात, ते कुणाला सात, कुणाला चौदा. शंभरात एखाद्याला तर एकाच किडनीतून लघवी वाहून नेणारी यंत्रणाच दुहेरी असते.

रिपोर्ट हातात आला की आपण डॉक्टरांच्या आधी मोबाईलला विचारतो. तिथंच घोळ होतो. दोन पिरॅमिडच्या मधल्या भागाला बर्टिन या अठराव्या शतकातल्या फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञाचं नाव आहे. काहींचा हा भाग जरा जाड असतो आणि सोनोग्राफीत गाठीसारखा दिसतो. डाव्या किडनीला प्लीहेच्या दाबामुळे कधी बाहेरून फुगवटा येतो. पुस्तकात त्याला उंटाच्या मदारीचं नाव दिलंय, आपण खिलार बैलाचं वशिंड म्हणू. दोन्ही गोष्टी निरुपद्रवी. पण ‘किडनीत गाठ’ एवढं वाचून अख्खं घर रात्रभर जागं राहतं.

आता मुतखडा. सांगली-साताऱ्यात हा विषय निघाला की प्रत्येक जण डॉक्टर होतो. कुळथाचं कढण घे, पानफुटीचं पान उपाशीपोटी चाव, बिअर पी (हा सल्ला देणारे मित्र वेगळेच असतात). आणि मग गल्लीतलं उदाहरण येतं : ‘त्याचा पडला, तुझा का पडत नाही?’

पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेकदा आपोआपच पडतात. श्रेय मात्र पानफुटीला मिळतं. मोठ्या खड्यांचा प्रश्न वेगळा. दोघांचा खडा सारख्याच मापाचा असला तरी तो कुठल्या पेल्यात बसलाय याने फरक पडतो. खालच्या टोकाच्या पेल्यातून बाहेर यायचं तर चढ चढावा लागतो. त्या पेल्याची मान लांब आणि अरुंद असेल, वळण काटकोनापेक्षा तिरकं असेल, तर खडा बाहेरून धक्के देऊन फोडला तरी तुकडे तळाशीच साचून राहतात. विहिरीतला गाळ राहतो तसे. ब्राझीलच्या सांपायो या संशोधकाने मृतदेहांच्या किडन्यांत रेझिन ओतून आतल्या पोकळीचे साचे काढले आणि हे वळण मोजलं. आज युरॉलॉजिस्ट सीटी स्कॅन बघून धक्के द्यायचे, दुर्बीण घालायची की पाठीतून छोटं छिद्र पाडायचं ते ठरवतात, त्यात खड्याच्या मापाबरोबर हा नकाशाही पाहिला जातो. तेव्हा शेजाऱ्याचा इलाज तुम्हाला लागू पडला नाही, तर त्यात तुमची चूक नाही. पाणी मात्र दोघांनीही भरपूर प्यायचं, खास करून उन्हात रानात काम असेल तर.

रक्तवाहिन्यांचंही तेच. किडनीला एक धमनी, असं पुस्तक सांगतं. पण साधारण चौघांत एकाला जास्तीची असते. म्हणूनच आई मुलाला किडनी द्यायला निघते तेव्हा आधी तिच्या रक्तवाहिन्यांचा सीटी काढतात आणि मग कुठली बाजू घ्यायची ते ठरतं.

सगळ्यात मोठा फरक मात्र डोळ्यांना दिसतच नाही. रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म चाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, एका किडनीत सरासरी नऊ-दहा लाख असतात. शवविच्छेदनात मोजल्यावर कुणाकडे दोन-अडीच लाख निघाल्या, तर कुणाकडे पंचवीस लाखांच्या वर. दहापट फरक! आणि जन्मानंतर एकही नवी बनत नाही. जन्मवजन कमी, तर चाळण्या कमी, असा कल दिसतो : वजनातल्या एका किलोमागे सुमारे अडीच लाखांचा फरक. १९८८ मध्ये ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा संबंध पुढे होणाऱ्या ब्लडप्रेशरशी जोडला. आज आईला विचाराच, ‘मी जन्मलो तेव्हा किती किलोचा होतो?’ अडीचच्या खाली असाल तर घाबरू नका, पण वर्षातून एकदा बीपी मोजून घ्या. आपल्या वयात कुणी मोजत नाही, हीच तर अडचण आहे.

हे ज्ञान आलं कुठून? टेबलावरच्या देहांकडून. मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ चं, कराडचं कृष्णा १९८४ चं. अशा कॉलेजांत पहिल्या वर्षाची पोरं पुस्तक उघडून डिसेक्शनला उभी राहतात, आणि समोरचा देह पुस्तकासारखा नसतो. त्यांचं खरं शिक्षण तिथं सुरू होतं. १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्यामुळे राज्यात देहदान करता येतं. देहदानाचा फॉर्म भरणारे आजी-आजोबा आपल्याकडे गावोगावी भेटतात, त्यांना घरचे हसतात.

मित्राने अपील केलं. दुसऱ्या तपासणीतही नाल नालच राहिली. डॉक्टरांनी त्याला सांगितलं की पळ, पोह, डोंगर चढ. कुस्ती-कबड्डी मात्र जपून, कारण जोडलेला भाग मणक्याच्या पुढ्यात असतो आणि पोटावर जोरात मार बसला तर तिथं चेमटू शकतो. आता त्या रिपोर्टचा फोटो त्याच्या मोबाईलमध्ये असतो, उद्या पोटाचं कुठलंही ऑपरेशन निघालं तर आधी दाखवायला. अजिंक्यतारा सुटलेला नाही. फक्त आता बरोबर धाकट्या भावाला नेतो, आणि त्याची सोनोग्राफी त्याने बारावीतच करून घेतलीय.