कोळंबीचा काळा दोरा

बाजारात कोळीणमावशी भराभर सोलून देतात, पण पाठीतला काळा दोरा बहुतेक वेळा आतच राहतो. दोरा म्हणजे कोळंबीचं आतडं. मोठ्या कोळंबीत राहिला की दाताखाली कचकच लागते. घरी सोलताना डोकं हलकेच पिरगळून ओढा, कधीकधी दोरा त्याच्याबरोबरच सुटून येतो. नाहीच आला तर सालं काढून पाठीवर सुरीनं उथळ चीर द्या आणि टूथपिकनं अलगद उचला. इवल्याशा करंदीला एवढे सोपस्कार कोण करणार! मग थंड पाण्यात धुऊन, निथळून हळद, मीठ, थोडं कोकमाचं आगळ लावा. 15 मिनिटं पुरे. डोकी-सालं उकळून गाळलेलं पाणी कालवणात घाला. उरलेला चोथा मात्र रात्रीच बाहेर. मी एकदा विसरले, सकाळी दारात चार मांजरं!