गो-कार्टचा जीर्णोद्धार

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाला ओरत्तनाडु हे गाव लागते. महाराष्ट्रात हे नाव फारसे कोणाच्या कानावरून गेलेले नसेल. परंतु दुसऱ्या सरफोजी राजांनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या स्मरणार्थ १८०२ साली बांधविलेले छत्र याच गावी आहे. या छत्राच्या वास्तूचा एक भाग रथाच्या आकाराचा आहे. दगडाची चाके आणि रथ ओढणारे दगडाचे घोडे तेथे आजही पाहावयास मिळतात. हा रथ दोन शतके जागचा हललेला नाही. त्यामुळे तो घडविणाऱ्या पाथरवटापुढे एक प्रश्न कधी उभाच राहिला नाही. चालता रथ करणाऱ्या सुताराला मात्र तो टाळता येत नाही. तो प्रश्न म्हणजे वळण्याचा.

याच कावेरीच्या मुलखात तिरुवारूरचा सुप्रसिद्ध रथ आहे. सजवल्यावर तो सुमारे ९६ फूट उंच होतो. त्याचे आस एकमेकांस समांतर व पक्के असल्यामुळे त्याला सुकाणू असे नाहीच. कोपरा आला की चाकांशी लाकडी पाचरी लावून आणि चाकांखाली वंगण फासलेले लोखंडी पत्रे घालून सारे धूड आडवे घसरवीत वळवावयाचे, ही तेथील रीत होय. पुढे तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याच्या साहाय्याने या रथाला लोखंडी चाके आणि द्रवदाबाचे ब्रेक बसविण्यात आले. जुन्या वाहनात सुधारणा झाली ती धावण्याची नव्हे, थांबण्याची, ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवलेली बरी.

या प्रचंड रथाशी गुडघाभर उंचीच्या गो-कार्टचे नाते जोडणे प्रथमदर्शनी विनोदाचे वाटेल. परंतु वळणावर घसरावयाचे हा मार्ग दोघांचाही एकच. १९५६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथे, शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या आर्ट इंगल्स या कारागिराने लू बोरेली या मित्राच्या मदतीने नळ्यांची एक चौकट जोडली, तिला चार लहान चाके लावली आणि गवत कापण्याच्या यंत्रासाठी केलेले वेस्ट बेंड कंपनीचे इंजिन मागे बसविले. पहिली गो-कार्ट ती हीच. घरच्या हौसेतून जन्मलेल्या या गाडीची डागडुजीही घरच्या हौसेने व्हावी, हे तिच्या कुळाला साजेसेच आहे.

भाड्याने गाड्या चालवू देणाऱ्या मैदानांतून निकालात निघालेली एखादी कार्ट अशा हौशी माणसाच्या अंगणात येऊन पडते. तिच्याकडे पाहताच त्याला काय नाही तेच प्रथम दिसते. स्प्रिंगा नाहीत, गिअर नाहीत, मोटारीतील डिफरन्शियल नाही. आणि येथेच बहुतेकांचा घात होतो. कारण जे नाही ते अपुरेपण समजून तो भरून काढू लागतो.

बैलगाडीची चाके आसावर मोकळी फिरतात. म्हणून वळताना बाहेरचे चाक अधिक आणि आतले कमी फिरले तरी काही बिघडत नाही. मोटारीत हेच काम डिफरन्शियल करते. गो-कार्टची मागील दोन्ही चाके मात्र एकाच आसाला घट्ट जखडलेली असतात, ती सारखीच फिरणार. मग गाडी वळावी कशी? याचे उत्तर पुढच्या चाकांच्या बैठकीत आहे. ही चाके ज्या खुंट्यांवर वळतात त्या मुद्दाम मागे कललेल्या असतात. त्यामुळे सुकाणू फिरविताच आतल्या बाजूचे पुढचे चाक खाली दबते, नळ्यांची चौकट किंचित पिळवटते आणि आतल्या बाजूच्या मागच्या चाकावरील भार उतरतो. वेगात तर ते क्षणभर जमिनीवरून उचलले जाते. तेवढ्या क्षणात गाडी वळून जाते. म्हणजे चौकट हीच या गाडीची स्प्रिंग, आणि तिचा पिळ हेच तिचे डिफरन्शियल. ‘सांगाडा मजबूत करू’ म्हणून तिच्यावर आडवी जाड नळी वेल्डिंगने जोडणारा गृहस्थ तिचे वळणेच बंद करून ठेवतो, आणि मग इंजिनाला दोष देत बसतो.

म्हणून कामाला सुरुवात चौकटीपासून करावी. सपाट फरशीवर ती ठेवून समोरासमोरच्या कोपऱ्यांचे कर्ण मोजावेत. त्यांत फरक आढळला तर चौकट वाकलेली आहे. त्यानंतर रंग खरवडून काढावा. बैठकीचे टेकू, आसाच्या बेअरिंगची जागा आणि सुकाणूच्या दांड्याचा आधार, या तीन ठिकाणी केसासारख्या बारीक चिरा पडतात, आणि विकणाऱ्याने दिलेला ताजा रंग पुष्कळदा त्यांच्यावरच बसलेला असतो. मागचा आस काढून सपाट पृष्ठावर लोटून पाहावा. वाकलेला आस अडखळत जातो. तो ठोकून सरळ करण्यापेक्षा बदलणे चांगले.

इंजिनाचे दुखणे सहसा इतके गंभीर नसते. वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोलचा डिंक होऊन कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजतात. ती तारेने कोरू नयेत, द्रावकाने धुऊन हवेने फुंकावीत. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ते पाणी शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्या मऊ पाडते. तेव्हा नळ्या बदलाव्यातच. ब्रेकमधील द्रवही पाणी ओढून घेतो, म्हणून तो पूर्ण काढून नवा भरावा. बहुतेक साध्या गो-कार्टना ब्रेक केवळ मागच्या आसावर, आणि तोही एकच, असतो.

मग येतो वेगाचा मोह. समजा, पुढचे दंतचक्र १२ दात्यांचे व मागचे ७२ दात्यांचे आहे, इंजिन मिनिटाला ३६०० फेरे घेते आणि मागच्या चाकाचा परीघ ८८ सेंटिमीटर आहे. आस मिनिटाला ६०० फेरे घेईल आणि गाडी ताशी सुमारे ३२ किलोमीटर धावेल. मागे ४८ दात्यांचे चक्र बसविले की हाच वेग सुमारे ४८ होतो. पण वेग दीडपट झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते. शिवाय अशा गाडीत सुटताना क्लच घसरत राहून जळतो. याहून वाईट म्हणजे इंजिनाचा वेगनियंत्रक काढून टाकणे. साध्या इंजिनाचे गतिचक्र आणि आतील जोडदांडा हे नेमून दिलेल्या फेऱ्यांसाठीच घडविलेले असतात. त्यापलीकडे ते फुटू शकतात, आणि चालक त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेला असतो.

तर मग नवे असे काहीच जोडू नये काय? एक गोष्ट अवश्य जोडावी, ती म्हणजे झाकण. फिरता आस आणि साखळी चालकाच्या पाठीमागे उघडी असतात. २०१८ साली हरियाणातील पिंजोर येथे आणि २०२० साली हैदराबादजवळ, केस गाडीच्या फिरत्या चाकाच्या भागात ओढले जाऊन दोन स्त्रियांचा मृत्यू झाला. त्या दोघी भाड्याच्या गाडीतून सहज गंमत म्हणून फिरत होत्या. पत्र्याचे भक्कम झाकण, मानेपाशी घट्ट बांधून कपड्यात खोचलेले केस, गळ्यात ओढणी वा उपरणे नाही, आणि हाताशी इंजिन बंद करण्याचे बटण, एवढ्याचा खर्च एका चांगल्या टायरइतकाही येत नाही.

घरी सजलेली ही गाडी रस्त्यावर आणण्याची मुभा नाही. नोंदणीवाचून सार्वजनिक रस्त्यावर मोटार-वाहन चालविणे १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाला मान्य नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, एका कारागिराने भंगारातील सुट्या भागांतून आपल्या मुलासाठी चारचाकी गाडी बांधली, आणि ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होई. २०२१ च्या डिसेंबरात तिचा बोलबाला झाला. ती नियमांत बसणारी नाही, हे सांगतानाच उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि २०२२ च्या जानेवारीत ती त्या कुटुंबाला मिळाली. कायद्याने गाडी अडविली, पण कारागिराला कोणी कमी लेखले नाही.

पहिली चाचणी बंदिस्त, कठीण जमिनीच्या आवारात घ्यावी. आधी इंजिन बंद ठेवून दुसऱ्याने गाडी ढकलावी, चालकाने सुकाणू व ब्रेक अजमावून पाहावेत. मग इंजिन सुरू करून दहा मिनिटे हळू चालवावी आणि थांबवून प्रत्येक नटबोल्ट पुन्हा आवळावा. नवी साखळी याच पहिल्या दहा मिनिटांत सैल पडते. ती ताणून, झाकण परत बसवून, मगच मुलाला गाडीत बसू द्यावे.